जुना रुग्ण : परिचय आणि परीक्षण

आपल्या सभा-परिसंवादांतून नव्या रुग्णाविषयी पुष्कळ बोलले जाते. तो आयुर्वेदाकडे उशिरा का येतो, येताना किती तपासण्यांची चळत घेऊन येतो, त्याच्या अपेक्षा किती अवास्तव असतात, याची चर्चा बहुतेक प्रत्येक मेळाव्यात होते. परंतु जो रुग्ण दहा-पंधरा वर्षे आपल्याकडे नियमाने येत आहे आणि ज्याच्या घरातील तीन पिढ्यांची नाडी आपण पाहिली आहे, त्याच्याविषयी आपण सहसा बोलत नाही. तो आपल्या व्यवसायाचा आधार असतो आणि त्याच्याशी आपले उत्तम चालले आहे, असे आपण गृहीत धरतो. माझे मत याहून वेगळे आहे. आपल्या चिकित्सेतील सर्वाधिक दुर्लक्ष याच रुग्णाच्या वाट्याला येते, आणि ते आळसापेक्षाही परस्परांवरील विश्वासातून येते. वैद्य-रुग्ण संबंध काळाच्या ओघात कसा बदलतो, याचा विचार वैद्यबंधू-भगिनींनी व औषधी विक्रेत्यांनी एकत्र बसून करावा, एवढ्याचसाठी हे लेखन.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण, असे एकूण सोळा. रुग्णाचे गुण म्हणून स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व यांचा निर्देश आहे. वाग्भटांनी अष्टांगहृदयात आढ्य, भिषग्वश्य, ज्ञापक आणि सत्त्ववान अशी गणना केली. दोन्ही याद्यांत शब्दही न बदलता टिकून राहिलेला गुण म्हणजे ज्ञापकत्व, अर्थात आपल्या शरीरात काय घडते आहे ते वैद्याला नीट सांगता येणे. विद्यार्थिदशेत आपण हे सोळा गुण पाठ करतो आणि नकळत असे समजून चालतो की, ते त्या त्या व्यक्तीच्या ठायी कायमचे असतात किंवा नसतात. व्यवसायातील अनुभव असा नाही. एकच रुग्ण पहिल्या वर्षी ज्ञापक नसतो, तिसऱ्या वर्षी उत्तम ज्ञापक होतो आणि दहाव्या वर्षी पुन्हा अज्ञापक झालेला आढळतो. वैद्याच्या दक्षतेचेही तेच. सोळा गुणांचे हे चतुष्पाद वर्षागणिक नव्याने मोजावे लागते.

पहिल्या काही भेटींत रुग्ण बरेच काही लपवतो. रक्तदाबाची वा मधुमेहाची आधुनिक औषधे चालू असतात, ती तो सांगत नाही. सांगितल्यास वैद्य रागावतील किंवा औषध देणार नाहीत, अशी त्याला भीती असते. तिकडे आपल्या डॉक्टरांनाही तो आपले काढे-चूर्ण कळू देत नाही. तंबाखू, मद्य, रात्री उशिराचे जेवण, यांविषयी अर्धेच उत्तर मिळते. पथ्य पाळले का, या प्रश्नाला तर ‘हो’ हे शिष्टाचाराचे उत्तर ठरलेलेच. परंतु याच काळात वैद्य अतिशय सावध असतो. कोष्ठ, अग्नी, निद्रा, मलमूत्रप्रवृत्ती, व्यवसाय, पूर्वी घेतलेले उपचार, सर्व काही विचारून केसपेपरच्या दोन्ही बाजू भरल्या जातात. दिलेल्या औषधाने काय झाले, उपशय की अनुपशय, याची पुढच्या भेटीत बारकाईने चौकशी होते. रुग्णाच्या अविश्वासाची भरपाई वैद्याच्या परीक्षणाने होत असते. म्हणून पहिल्या वर्षात परस्परांचा परिचय तुटपुंजा असूनही चिकित्सा बहुधा चांगली होते.

पुढचा काळ सर्वांत फलदायी. अहितकर सवयी एकदम न तोडता पादांशाने, म्हणजे चतुर्थांशा-चतुर्थांशाने सोडाव्यात आणि हितकर त्याच क्रमाने अंगीकाराव्यात, असा उपदेश सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात आहे. हा क्रम पार पाडायचा तर वैद्य आणि रुग्ण यांना एकमेकांबरोबर काही महिने चालावेच लागते. दिवसातून आठ वेळा चहा घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी चहा बंद करा म्हणून सांगणारा वैद्य त्या रुग्णाला खोटे बोलावयास शिकवतो. आठाचे सहा झाले का, हे विचारणाऱ्याला खरे उत्तर मिळते. पंचकर्मात तर ही जवळीक अपरिहार्यच आहे. स्नेहपानाचे तीन ते सात दिवस रोज सकाळी तूप जिरले का, भूक केव्हा लागली, मळमळ झाली का, याची विचारपूस होते. प्रवर शुद्धीनंतर पेया-विलेपीपासून सात दिवसांचा संसर्जनक्रम पाळताना घरातील स्वयंपाक करणारी व्यक्तीही उपस्थात्याच्या भूमिकेत येते. एखादे वासंतिक वमन यथासांग पार पडल्यावर रुग्ण आणि वैद्य यांच्यातील अंतर जितके कमी होते, तितके वर्षभराच्या गोळ्यांनी होत नाही. रुग्ण आपली भाषाही शिकतो. ‘पोट बिघडले’ एवढेच सांगणारा माणूस पुढे ‘भूक लागते पण अन्न जिरत नाही, दुपारनंतर जडपणा येतो’ असे सांगू लागतो. ज्ञापकत्व हा गुण असा प्रयत्नाने घडतो, आणि तो घडवणारा वैद्य असतो.

या परिचयाचा शास्त्रीय लाभ केवढा मोठा आहे, हे विमानस्थानातील व्याधितरूपीय अध्याय वाचताना जाणवते. तेथे दोन प्रकारच्या रुग्णांचे वर्णन आहे. एकाचा व्याधी गुरू असतो, परंतु सत्त्व, बल आणि शरीरसंपदा यांच्या जोरावर तो लघुव्याधित असल्यासारखा दिसतो. दुसऱ्याचा व्याधी लघू असतो, पण सत्त्वादींच्या अभावी तो गंभीर आजारी भासतो. केवळ दर्शनावरून निर्णय करणारा वैद्य दोन्हीकडे फसतो. समोर बसलेला माणूस या दोघांपैकी कोणता, हे पहिल्या भेटीत सांगणे कठीण. पाच वर्षांच्या परिचयानंतर ते सहज कळते. नेहमी किरकोळ तक्रारींचा पाढा वाचणाऱ्या बाई एखाद्या दिवशी गप्प बसल्या, किंवा कधीही तक्रार न करणारे शेतकरी गृहस्थ ‘छातीत थोडे जड वाटते’ एवढेच म्हणाले, तर जुना वैद्य सावध होतो आणि रुग्णाला वेळेवर योग्य ठिकाणी पाठवतो. कुटुंबवैद्य या संस्थेचे खरे मोल येथे आहे.

मात्र हाच परिचय पुढे परीक्षणाची जागा घेऊ लागतो. केसपेपरवरील नोंदी आखडत जातात. आधी अर्धे पान, मग दोन ओळी, मग केवळ दिनांक आणि त्यापुढे ‘पूर्ववत्’. ज्या रुग्णाच्या कागदावर ‘पूर्ववत्’ हा शब्द सलग पाच-सहा वेळा आला आहे, असा कागद आपल्यापैकी प्रत्येकाच्या कपाटात सापडेल. दशविध परीक्ष्य भावांपैकी प्रकृती तेवढी स्थिर मानलेली आहे. विकृती, सार, संहनन, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती, वय हे सर्व कमीअधिक वेगाने बदलत असतात. आपण मात्र नेमकी प्रकृतीच लक्षात ठेवतो आणि बाकीचे जुन्या कागदावर सोडून देतो. पस्तिसाव्या वर्षी ‘तुमची पित्तप्रकृती’ असे सांगितलेली व्यक्ती पासष्टाव्या वर्षीही तेच बिरुद मिरवते, त्यानुसार थंड दूध आणि गुलकंद घेत राहते; दरम्यान वय वाताचे झालेले असते, अग्नी मंदावलेला असतो आणि गुडघे दुखू लागलेले असतात. वैद्याने एकदा केलेले निदान रुग्णाची ओळख होऊन बसते आणि पुढे स्वतः वैद्यालाही त्या ओळखीपलीकडचे दिसेनासे होते.

रुग्णाच्या बाजूनेही याच सुमारास एक चमत्कारिक बदल होतो. पहिल्या वर्षी तो संकोचामुळे माहिती लपवीत असे. आता सलगीमुळे सांगावयाचे राहून जाते. ‘वैद्यांना आमचे सगळे ठाऊक आहे’ ही त्याची दृढ श्रद्धा असते. मध्यंतरी हृदयरोगतज्ज्ञांनी रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली, थायरॉइडची मात्रा वाढवली, सुनेने कुठलासा ‘हर्बल’ रस आणून दिला, यांपैकी काहीही त्याला सांगण्याजोगे वाटत नाही. आपणही विचारत नाही, कारण नव्या रुग्णाला विचारतो ते प्रश्न जुन्याला विचारणे आपल्याला अवघड वाटते. त्याचा अपमान होईल असे वाटते. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात म्हटले आहे की, रुग्ण माता-पिता, पुत्र, बांधव यांच्याविषयीही शंका बाळगील, पण वैद्यावर विश्वास टाकतो. म्हणून वैद्याने त्याचे पुत्रवत् रक्षण करावे. या वचनाचा पहिला भाग आपण अभिमानाने सांगतो. परंतु विश्वास टाकणाऱ्याचे रक्षण करण्याचे कर्तव्य त्या विश्वासामुळे वाढते, आणि प्रश्न विचारीत राहणे हा त्या रक्षणाचाच भाग आहे.

याचा औषधांशी कसा संबंध येतो, ते सूतशेखराच्या उदाहरणावरून पाहावे. महाराष्ट्रात अम्लपित्तावर सूतशेखर घरोघरी पोहोचला आहे. एखाद्या वैद्याने कधीकाळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेला असतो. बरे वाटते. चार महिन्यांनी पुन्हा जळजळ झाली की रुग्ण तीच चिठ्ठी घेऊन दुकानात जातो; पुढे चिठ्ठीही लागत नाही, नाव तोंडपाठ होते. मग तो खिशात ठेवून लिमलेटच्या गोळीसारखा चघळला जातो आणि कार्यालयातील सहकाऱ्यालाही देऊ केला जातो. या कल्पात पारद-गंधक, ताम्रभस्म, वत्सनाभ आणि धत्तूरबीज आहेत, हे रुग्णाला ठाऊक नसते. शोधन-मारण यथाशास्त्र झालेले असले तरी मात्रा, काल आणि अवस्था यांचे बंधन सुटले की रसकल्प हा रसकल्प राहत नाही. त्यात लघुसूतशेखर हा सोनकाव आणि सुंठ यांना नागवेलीच्या पानांच्या रसाची भावना देऊन केलेला अगदी निराळा, सौम्य कल्प. परंतु नामसाम्यामुळे दुकानात एकाच्या जागी दुसरा सहज दिला-घेतला जातो. गंधर्वहरीतकीचेही तसेच, तात्पुरत्या विबंधासाठी दिलेले चूर्ण पुढे वर्षानुवर्षे रोज रात्री घेतले जाते आणि त्याशिवाय पोट साफ होत नाही अशी तक्रार घेऊन रुग्ण पुन्हा आपल्याकडे येतो. संबंध वैद्याशी जोडलेला होता. हळूहळू तो डबीशी जोडला जातो.

येथे औषधी विक्रेत्यांचा विषय येतो. काही वैद्यमित्र सारा दोष दुकानदारांवर ढकलतात, ते मला मान्य नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील नियम १६१ अन्वये, परिशिष्ट ई(१) मधील विषद्रव्यांपासून केलेल्या, पोटात घ्यावयाच्या औषधांच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना इंग्रजी व हिंदीत ठळकपणे छापणे बंधनकारक आहे. पारद, वत्सनाभ, धत्तूर ही तिन्ही त्या परिशिष्टात आहेत. सूचना छापण्याची जबाबदारी उत्पादकाची. आयुर्वेदीय औषधांच्या निर्मितीला परवाना लागतो, किरकोळ विक्रीला लागत नाही. त्यामुळे सूचना वाचून थांबावयाचे की नाही, हे सर्वस्वी दुकानदाराच्या विवेकावर सोडलेले आहे, आणि शेजारचे दुकान थांबणार नाही हे त्याला पक्के माहीत असते. त्याच्याकडून आणखी एक रास्त तक्रार ऐकू येते. वैद्यांच्या चिठ्ठीवर औषधाचे नाव अर्धवट, मात्रा खुणेने आणि कालावधी तर बहुधा नसतोच. पंधरा दिवस की पंधरा महिने, हे चिठ्ठीवर लिहिलेलेच नसेल तर दुकानदाराने कशाच्या आधारावर नाही म्हणावे? जुन्या रुग्णाला तो आपल्यापेक्षा अधिक वेळा भेटतो. रुग्ण किती महिन्यांपासून काय नेतो आहे, याची जिवंत नोंद त्याच्या डोक्यात असते. ती आपल्यापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र आपण तयार केलेली नाही. दुकानदाराचा दूरध्वनी आला की तो उसने-पासने हिशेब विचारण्यासाठी आला असेल, अशीच आपली समजूत असते.

दूरध्वनीवरून आठवले. करोनाच्या साथीत, २५ मार्च २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आधुनिक वैद्यकाच्या चिकित्सकांसाठी दूरचिकित्सेच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. आयुर्वेद, सिद्ध व युनानी चिकित्सकांसाठीही त्याच वर्षी स्वतंत्र सूचना निघाल्या. आधुनिक वैद्यकाच्या त्या सूचनांत पहिली भेट आणि पुनर्भेट यांत भेद केला आहे. त्याच व्याधीसाठी त्याच चिकित्सकाची प्रत्यक्ष भेट झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत केलेला सल्ला तेवढा पुनर्भेट मानावयाचा. त्यानंतर रुग्ण कितीही जुना असला तरी तो पुन्हा नव्यासारखा धरावयाचा. प्रशासकीय भाषेत लिहिलेले हे कलम मला फार अर्थपूर्ण वाटते. ओळख टिकते, पण परीक्षणाची मुदत संपते, हे त्यात स्पष्टपणे मान्य केले आहे. त्या साथीनंतर आपल्याकडे रूढ झालेली पद्धत मात्र उलट आहे. भ्रमणध्वनीवर रिकाम्या डबीचे छायाचित्र येते, आपण अंगठ्याची खूण पाठवतो, आणि औषध कुरिअरने पुण्याहून नागपूरला किंवा थेट दुबईला रवाना होते. ज्याची जिव्हा दोन वर्षांत पाहिलेली नाही अशा रुग्णाची ही चिकित्सा ‘चालू’ असते.

या शैथिल्यामागे एक आर्थिक कारण आहे आणि ते उघडपणे बोलले पाहिजे. महाराष्ट्रातील बहुसंख्य वैद्य तपासणीचे शुल्क आणि औषधाची किंमत एकत्र घेतात. पुड्या बांधून दिल्या की पैसे. पुड्या नाहीत तर पैसे नाहीत. नवा रुग्ण या व्यवहाराकडे बारकाईने पाहत नाही, पण जुना रुग्ण स्पष्टच विचारतो, ‘आज औषध दिले नाही, मग कसले पैसे?’ अर्धा तास बसवून, परीक्षण करून, ‘आता औषधाची गरज नाही, केवळ दिनचर्या सांभाळा’ असे सांगणारा वैद्य त्या दिवशी रिकाम्या हाताने उठतो. अशा व्यवस्थेत औषध थांबविण्याचा निर्णय पुढे ढकलण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परीक्षणाचे शुल्क वेगळे आकारण्याचा आग्रह मी यासाठीच धरतो. आरंभी काही रुग्ण नाराज होतात, काही कायमचे जातातही. परंतु शुल्क वेगळे झाले की रुग्ण स्वतःच म्हणतो, ‘आलोच आहे तर नीट तपासा’.

वैद्य वृद्ध होतात, तेव्हा या संबंधाला आणखी एक वळण मिळते. मुलगा किंवा सून चिकित्सालयात बसू लागते आणि जुने रुग्ण वारशाने येतात. असा रुग्ण नव्या वैद्याला ‘छोटे वैद्य’ म्हणतो, कौतुक करतो, आणि खिशातून पिवळी पडलेली चिठ्ठी काढून ‘मोठे वैद्य हेच देत असत’ असे सांगतो. वडिलांचे औषध बदलणे म्हणजे वडिलांचा अधिक्षेप, असे दोघांनाही वाटते. खरे तर हीच या संबंधातील सर्वांत सोयीची वेळ. नव्या डोळ्यांना जे दिसते ते जुन्या डोळ्यांना दिसेनासे झालेले असते. ‘मला तुमची सवय नाही, म्हणून सारे पहिल्यापासून विचारतो’ असे म्हणण्याची मुभा या तरुण वैद्याला असते. ज्येष्ठांनी हयातीतच ही मुभा आपल्या पुढच्या पिढीला द्यावी. आठवड्यातून एक दिवस आपला जुना रुग्ण त्यांच्यासमोर बसवावा.

नवव्या अध्यायाच्या शेवटी चतुर्विध वैद्यवृत्ती सांगितली आहे : मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रुग्णाविषयी प्रीती आणि प्रकृतिस्थांविषयी उपेक्षा. यातील ‘प्रकृतिस्थ’ या पदाचा अर्थ मरणोन्मुख असा घेण्याची परंपरा आहे आणि असाध्य रुग्णाची चिकित्सा हाती घेऊ नये, या उपदेशाशी तो अर्थ जुळतो. परंतु जो आपल्या स्वाभाविक अवस्थेत परत आला आहे तो प्रकृतिस्थ, असाही अर्थ केला जातो, आणि जुन्या रुग्णाचा विचार करताना मला तोच उपयुक्त वाटतो. बरा झालेल्या माणसाला रुग्ण म्हणून धरून ठेवू नये. त्याने ऋतुचर्येसाठी यावे, शरदात विरेचनासाठी यावे, नातवाला सुवर्णप्राशनासाठी घेऊन यावे. पण दरमहा डबी भरून नेण्यासाठी येऊ नये. त्याने येणे बंद केले तर वैद्याच्या मनाला लागते, हे मी जाणतो. कित्येकदा ते आपल्या यशाचे लक्षण असते, एवढे लक्षात घ्यावे.

यासाठी मोठी योजना नको. प्रत्येक जुन्या रुग्णाचा केसपेपर वर्षातून एकदा, शक्यतो त्याच्या जन्ममासात, कोरा घेऊन पुन्हा पहिल्यापासून लिहावा आणि त्यात चालू असलेल्या सर्व औषधांची, आपल्या व इतरांच्याही, नोंद रुग्णाने सोबत आणलेल्या डब्या-पाकिटे समोर मांडून करावी. रसकल्प असलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर कल्पाचे पूर्ण नाव, मात्रा आणि ‘अमुक दिनांकापर्यंत, त्यानंतर तपासणीविना देऊ नये’ असे सुवाच्य मराठीत लिहावे. विक्रेत्यांनी ती चिठ्ठी परत देताना तिच्यावर दिनांकासह शिक्का मारावा. मुदत संपलेली चिठ्ठी आली तर चार दिवसांपुरते औषध देऊन वैद्यांना दूरध्वनी करावा, आणि वैद्यांनी तो दूरध्वनी उचलावा. आपल्या संघटनेच्या जिल्हा शाखांनी एका गावातील पाच-सहा वैद्य आणि दोन-तीन विक्रेते एकत्र आणून हा प्रयोग सहा महिने करून पाहावा. किती रुग्णांचे कोणते औषध पुनर्परीक्षणानंतर थांबवता आले, याची टिपणे याच त्रैमासिकाकडे पाठवावीत.